तांदळातले खडे

दुपारची जेवणं आटोपली की आमची आई ताट घेऊन उंबऱ्यापाशी उजेडाला बसायची. ताटात दुसऱ्या दिवशीचा तांदूळ. बोटांनी दाणे एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकवत जायची, मध्येच एखादा खडा चिमटीत धरून अंगणात भिरकवायची. शेजारणी गप्पांना आल्या तरी हात थांबत नसे. निवडण-टिपण हा घराघरातला रोजचा तास-अर्धा तास होता आणि त्याची मोजदाद कुठल्याही हिशेबात होत नव्हती. खड्यांपैकी काही खळ्यातून आलेले असत, ते ओळखू येत. पण काही खडे तांदळाच्याच रंगाचे, तांदळाच्याच आकाराचे असत. खळ्यातला खडा असा वेष पालटून येत नाही. तो कुणीतरी शोधून, जुळवून, मापात घातलेला असतो.

हा तांदूळ आणि हे खडे विसाव्या शतकातल्या अर्थशास्त्रावरच्या एका अतिशय गाजलेल्या लेखात आहेत. जॉर्ज ॲकरलॉफ या तरुण अमेरिकन प्राध्यापकांनी १९६७-६८ हे वर्ष दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काढलं. त्याच सुमारास त्यांचा एक लेख नियतकालिकांकडून परत येत होता. तीन ठिकाणांहून तो साभार परत आला. कुणाला तो फारच किरकोळ वाटला, कुणाला तो खरा असणं शक्यच नाही असं वाटलं. अखेर १९७० साली तो छापून आला आणि २००१ साली त्याच कामासाठी ॲकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं. लेखाचं नाव जुन्या मोटारींवरून पडलं आहे, कारण अमेरिकेत बिघडक्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. मात्र मोटारींचं उदाहरण झाल्यावर लेखक गरीब देशांकडे वळतात, आणि तिथे तांदूळ निवडणारी भारतीय गृहिणी भेटते.

बाजार बिघडण्याची कारणं पाठ्यपुस्तकांत चार-पाच दिलेली असतात. एकाच व्यापाऱ्याच्या मुठीत सगळा माल असला की भाव तो ठरवतो. कारखान्याचं सांडपाणी नदीत जातं, पण नदीकाठच्या गावाचं नुकसान मालाच्या किमतीत धरलेलं नसतं. डासांसाठी फवारणी केली तर फायदा सगळ्या गल्लीला होतो, म्हणून एकटा कुणी खर्च करत नाही. ही सगळी कारणं खरी आहेत आणि ती डोळ्यांना दिसतात: धूर दिसतो, मक्तेदाराचं नाव ठाऊक असतं. या प्रकरणात मी एकाच कारणापाशी थांबणार आहे, कारण ते दिसत नाही. विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नाही, एवढीच गोष्ट. तिच्यातून होणारं नुकसान मोजताही येत नाही, कारण जे सौदे मुळात झालेच नाहीत त्यांची पावती कुठे असणार?

आंब्याच्या दिवसांत हे चांगलं कळतं. समजा, देवगडच्या अस्सल हापूसच्या डझनाला तुम्ही १००० रुपये द्यायला तयार आहात, आणि बागायतदाराला तो ८०० रुपयांना परवडतो. दोघांचंही भलं होईल असा सौदा आहे. आता त्याच रंगरूपाचा दुसरीकडचा आंबा देवगड लिहिलेल्या पेटीत घालून कुणी विकायला आणला. त्याची तुमच्या लेखी किंमत ४००. पेटीकडे बघून तुम्हाला दोन्हींतला फरक कळत नाही. बाजारात दोन्ही निम्मे निम्मे आहेत असं धरून तुम्ही मधला भाव म्हणजे ७०० देऊ करता. ७०० रुपये ऐकून अस्सल बागायतदार पेटी उचलून घरी जातो, नकलीवाला मात्र हसत थांबतो. पुढच्या खेपेला तुमच्याही लक्षात येतं की आता निम्म्याहून जास्त पेट्या नकली आहेत. तुम्ही भाव आणखी उतरवता. शेवटी बाजारात ४०० चा आंबा ४०० ला विकला जातो. फसवणूकही संपते, कारण फसवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. १००० द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक आणि ८०० ला द्यायला तयार असलेला बागायतदार हे एकमेकांना भेटत नाहीत.

ॲकरलॉफ यांचा मुद्दा हाच होता. लबाडीची किंमत फसलेल्या गिऱ्हाइकाच्या नुकसानीएवढीच नसते. धंद्यातून उठलेला प्रामाणिक माणूसही त्या किमतीत धरावा लागतो.

कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाचा कागद पेटीतल्या फळाला चिकटून येत नाही. म्हणून २०२५ च्या हंगामापासून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावरच लावायचा, काढायला गेलं तर फाटणारा आणि प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असलेला स्टिकर आणला. बागेत किती झाडं, किती उत्पन्न, त्या हिशेबाने किती स्टिकर, अशी त्यामागची कल्पना. मला यातली गंमत वाटते ती ही, की झाडाला फळ धरण्यासाठी जेवढा विचार करावा लागतो, तेवढाच आता ते फळ आपलंच आहे हे पटवण्यासाठी करावा लागतो. आणि हा खर्च अस्सल मालवाल्याने करायचा. नक्कल करणाऱ्याला तो करावा लागत नाही.

श्रीमंत देशांत लबाड माणसं कमी असतात असं मला वाटत नाही. तिथे मालाची प्रत तपासणाऱ्या, मोजणाऱ्या, नोंदवणाऱ्या यंत्रणा शंभर-दीडशे वर्षांत हळूहळू बाजाराच्या पोटात मुरल्या आहेत, इतक्या की त्या नजरेस पडत नाहीत. आपल्याकडे शेतमालाची प्रतवारी करून शिक्का मारण्याचा कायदा १९३७ चा आहे. ॲगमार्क तो हाच. पण सुट्या मालावर शिक्का कुठे मारणार? आणि गरीब माणूस माल सुटाच घेतो. पाव किलो तेल, अडीचशे ग्रॅम डाळ. त्याच्या खिशाला परवडेल एवढ्या मापात खात्री विकत मिळत नाही.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत याचं भयंकर रूप दिसलं. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलं गेलं होतं. पिवळ्या धोत्र्याचं बी मोहरीसारखंच दिसतं. लोकांचे पाय सुजू लागले, धाप लागू लागली. सुमारे ३,००० माणसं आजारी पडली आणि साठाहून अधिक दगावली. सरकारने सुटं खाद्यतेल विकण्यावर बंदी आणली आणि त्याच वर्षी खाद्यतेल बंद पाकिटातूनच विकावं असा आदेश काढला. माणसं मरत असताना दुसरं काय करणार? पण पाकीट, छपाई, परवाना, तपासणीची सोय हे सगळं मोठ्या गिरणीला परवडतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तेल काढून देणाऱ्या घाणीवाल्याला ते परवडत नाही, आणि तो तर कदाचित सगळ्या साखळीत सर्वांत कमी लबाडी करू शकणारा माणूस होता. खडा एकाने टाकला, दात दुसऱ्याचे पडले.

दुधाची गोष्ट जरा वेगळ्या वाटेने गेली. दूध लिटरवर विकलं जात असेल तर त्यात पाणी घालणं हा बिनभांडवली धंदा आहे. भावात अपेक्षित पाणी धरलेलंच असतं, म्हणजे न घालणारा खुळा ठरतो. खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९४६ साली आणंदला उभा राहिला. पुढे त्याचा नमुना देशभर गेला, १९७० पासून 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं. या कथेत तो संघ घडवणारे कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांची नावं घेतली जातात आणि ती घ्यायलाच हवीत. पण मला एक तिसरं पात्र महत्त्वाचं वाटतं: गावच्या डेअरीत टेबलावर ठेवलेलं फॅट मोजायचं साधन. दूध आणा, नमुना द्या, फॅट किती लागली त्यावर दर घ्या. फॅटवर दर ठरला की पाणी घालण्यात मतलब उरत नाही. लिटर वाढतात तशी फॅट उतरते, हाती पैसे तेवढेच. दोन म्हशी असलेल्या विधवेला मोठ्या बागायतदाराच्या शेजारी उभं राहून तेवढाच दर मिळू लागला, कारण दर तिच्या तोंडाकडे बघून ठरत नव्हता. बाजार सुधारायला प्रवचन लागलं नाही. काचेची नळी, थोडं आम्ल आणि ती नळी गरगर फिरवणारं यंत्र एवढं लागलं.

मात्र मापणाऱ्याच्या हातात माप गेलं की कोडं उलटं फिरतं. आता दुधात काय आहे हे डेअरीवाल्याला ठाऊक आणि शेतकऱ्याला नाही. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून जाहीर होतो. त्याखाली एकेका पॉइंटला कपात. यंत्रावर आकडा उमटतो, शेतकरी चिठ्ठी बघतो, त्याला पटत नाही, पण घरी दुसरं यंत्र नाही. सकाळी सहाला रांगेत उभं राहून भांडायलाही वेळ नाही. दूध तर दुपारपर्यंत नासणार. 'काटा मारणे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत जुना आहे. डिजिटल यंत्र आलं म्हणून तो मागे पडलेला नाही. आणंदच्या रचनेत यावर उत्तर होतं ते यंत्रात नव्हतं, मालकीत होतं. मोजणारी डेअरी मोजून घेणाऱ्यांचीच होती. ज्या गावात संस्था नावालाच सहकारी उरली, तिथे यंत्र तेच असून गोष्ट बदलली.

खायच्या वस्तूत निदान चव तरी कळते. शेतीला लागणाऱ्या वस्तूत तीही सोय नाही. बियाण्याची पिशवी आणि खताची गोणी यांची प्रत कळायला अख्खा हंगाम जातो. तोवर पाऊस, कीड, जमीन, नशीब हे सगळे आरोपी म्हणून उभे असतात आणि खरा गुन्हेगार त्यांच्या गर्दीत मिसळून निघून जातो. युगांडात काही संशोधकांनी बाजारातली खतं आणि मक्याचं संकरित बी विकत घेऊन तपासलं. त्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. खतातलं सरासरी ३० टक्के पोषणद्रव्य गायब होतं आणि संकरित म्हणून विकल्या जाणाऱ्या बियाण्यात अस्सल बी निम्म्याहूनही कमी असावं असा अंदाज निघाला. आफ्रिकेतला शेतकरी नवं तंत्रज्ञान स्वीकारत नाही, तो मागासलेला, परंपरेला चिकटलेला, असं म्हणणारे कितीतरी अहवाल तोवर लिहून झाले होते. या आकड्यांनंतर त्याच शेतकऱ्याचा हिशेब बरोबर दिसू लागला. बाजारात मिळतं त्या प्रतीचं खत-बी घेऊन पैसे वसूल होत नव्हते, म्हणून तो घेत नव्हता. कारखान्यातून निघालेलं उत्तम बी आणि त्याची गरज असलेलं रान, दोन्ही होती. मधल्या रस्त्यावर विश्वास सांडला होता.

आपल्याकडे २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या आणि अनेकांच्या नशिबी दुबार पेरणी आली. तेव्हापासून कृषी विभागाचे कर्मचारी पेरणीआधी घरच्या घरी उगवण तपासायला जास्तच आग्रहाने सांगू लागले. ओलं गोणपाट घ्या, त्यावर शंभर दाणे ओळीने मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, आठवड्याने कोंब मोजा. सत्तर किंवा अधिक उगवले तर पेरा. सल्ला उत्तम आहे. पण गोणपाटावर दाणे मांडणाऱ्या बाईकडे पाहिलं की मला आईचं ताट आठवतं. पिशवीवर छापलेल्या आकड्याचे पैसे दिल्यावरही निवडण-टिपण तिच्याकडेच राहिलं आहे.

आता पैशाच्या बाजाराकडे वळू, कारण तिथे तांदूळ म्हणजे माणूसच असतो. कर्ज देणाऱ्याला परत फेडणारा आणि बुडवणारा यांच्यातला फरक चेहऱ्यावरून कळत नाही. ॲकरलॉफ यांनी याच लेखात भारतातल्या व्याजदरांबद्दल लिहिलं आहे. शहरातल्या मोठ्या बँका सहा ते दहा टक्क्यांनी पैसे देत असताना गावचा सावकार पंधरा, पंचवीस, प्रसंगी पन्नास टक्के घेतो. मग कुणी शहरातून स्वस्तात पैसे उचलून गावात का वाटत नाही? कारण गावात नव्याने आलेल्याच्या दारात सर्वांत आधी तेच येतात ज्यांना जुन्या सावकाराने परत पाठवलेलं असतं. सावकाराचं खरं भांडवल म्हणजे कुणाच्या विहिरीला मार्चात पाणी असतं आणि कुणाचा पोरगा पैसे उधळतो याची माहिती. पैसा त्यानंतर येतो.

या ज्ञानाचं काय होतं, हे पुणे जिल्ह्याने फार महागात शिकवलं. १२ मे १८७५, सुप्याचा बाजार. भीमथडी तालुक्यातल्या या गावात आसपासचे कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांतून वह्या, कर्जखतं, दस्त काढून त्यांची होळी केली. लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. शाळेत आपण हे 'दख्खनचे दंगे' म्हणून शिकलो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचा भाव चढला, तेव्हा कर्ज सढळ हाताने मिळालं. युद्ध १८६५ ला संपलं, भाव उतरला, कर्ज आटलं, त्यात सरकारने शेतसारा वाढवला. हे सगळं खरंच आहे. पण आणखी एक धागा रेचल क्रँटन आणि आनंद स्वामी या अर्थतज्ज्ञांनी १९९९ साली उलगडून दाखवला. इंग्रजांनी दिवाणी न्यायालयं आणली ती चांगल्या हेतूने: कागदावर सही असेल तर कुणालाही वसुली करता यावी, म्हणजे सावकारांत स्पर्धा वाढेल. स्पर्धा वाढली. कुळाला न ओळखणारेही हुकूमनाम्याच्या भरवशावर कर्ज देऊ लागले. जुन्या वाण्याचं आणि कुळाचं मात्र एक पिढीजात बंधन होतं. दुष्काळात त्याला कुळाला सांभाळावं लागे, कारण कूळ मेलं तर त्याचे पैसेही मेले आणि कूळ तगलं तर पुढच्या साली त्याच्याच दारात येणार. स्पर्धेनंतर ही खात्री संपली. वाईट वर्षी मदत करायची आणि चांगल्या वर्षी कुळाने दुसऱ्याकडे जायचं, मग मदत कोण करील? स्पर्धा हे बाजाराचं सर्वमान्य औषध. इथे त्यानेच एक जुना, वाकडातिकडा पण उपयोगी पडणारा विमा मोडून काढला.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याचीही तीच गत झाली. दस्ताची मुदत तीन वर्षांची ठरवली, म्हणजे व्याज साचत राहू नये. सावकाराने दर तीन वर्षांनी मुद्दल-व्याज एकत्र करून नवा दस्त लिहून घेतला. वाचता न येणाऱ्याने अंगठा दिला. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशांना दस्ताच्या मागे जाऊन मुळात किती दिलं होतं ते तपासण्याचा अधिकार दिला, तेव्हा कुठे कागद आणि माहिती यांच्यातलं अंतर सरकारच्या लक्षात आलं असं म्हणता येईल. तरीही १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत सावकारांचा वाटा सर्वांत मोठा निघाला आणि सहकारी संस्थांचा जेमतेम ३ टक्के. पुढे बांगलादेशात मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेने आणि आपल्याकडे बचत गटांनी जी वाट काढली, तिचं मर्म एवढंच की कुणाला कर्ज द्यावं हे बाहेरच्याने ठरवू नये, शेजारणींनी ठरवावं. त्यांना ते आधीच ठाऊक असतं. त्याची दुसरी बाजूही शेजारणीच भोगतात. हप्ता चुकला की दारात बँकेचा माणूस यायच्या आधी गल्ली येते.

विम्यात हे कोडं सर्वांत अवघड होतं. शेतकऱ्याला पिकाचा विमा हवा असतो, पण त्याच्या शेतात काय झालं हे त्यालाच ठाऊक. पीक पावसाने गेलं की खुरपणी न केल्याने गेलं? कंपनीने प्रत्येक बांधावर माणूस पाठवला तर पगाराचा खर्च हप्त्यांपेक्षा मोठा. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली यावर तोडगा मांडला, आणि माझ्या मते मराठी माणसाने अर्थशास्त्रात केलेल्या अत्यंत हुशार गोष्टींपैकी ती एक आहे. एकेका शेताकडे बघूच नका. एका भागातल्या (समजा, एका महसूल मंडळातल्या) सगळ्या शेतांचं सरासरी उत्पन्न पीक कापणी प्रयोगातून काढा. सरासरी घसरली तर त्या भागातल्या सगळ्यांना भरपाई द्या. एकट्या शेतकऱ्याला सगळ्या मंडळाची सरासरी पाडता येत नाही, म्हणून लबाडीला वावच नाही. १९८५ ची देशव्यापी पीक विमा योजना याच पायावर उभी राहिली.

अडचण गारपिटीला मंडळाची हद्द ठाऊक नसण्याची. माझं रान झोडपलं, तुमचं वाचलं, सरासरी ठीक, भरपाई शून्य. मग लोक वैयक्तिक पंचनाम्याची मागणी करतात, पंचनामा आला की तोच जुना प्रश्न मागच्या दाराने परत येतो. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपात शेतकऱ्याला एक रुपयात विमा दिला. हप्ता नाममात्र झाला तसे अर्जही असे येऊ लागले की सरकारी आणि देवस्थानाच्या जमिनींवर, नसलेल्या बागांवर काढलेले विमे सापडले. २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली. ज्याचं रान खरोखर गेलं होतं, त्याला पुन्हा हप्ता भरून आपलं रान खरंच गेलं हे पटवायला रांगेत उभं राहावं लागलं.

तांदळातला खडा आता दुर्मिळ झाला आहे. गिरण्यांत एकेका दाण्याचा रंग पाहून वाईट दाणा फुंकरीने उडवणारी यंत्रं आली. दुकानदार 'सॉर्टेक्स आहे' म्हणतो आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. रेशनच्या तांदळात मात्र काही वर्षांपूर्वी वेगळेच दाणे येऊ लागले. तांदळाचंच पीठ करून त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून पुन्हा दाण्याच्या आकारात घडवलेले, शंभर किलोत एक किलो या प्रमाणात. त्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून झाली होती. हे दाणे तांदळाच्याच आकाराचे, जवळजवळ तांदळाच्याच रंगाचे, थोडे वेगळे. कित्येक घरांत बायका आजही ताट घेऊन उजेडाला बसतात, हा प्लास्टिकचा तांदूळ म्हणतात, एकेक दाणा चिमटीत धरतात आणि अंगणात फेकतात.